पाचवी चव शोधणारा प्राध्यापक

दिवेलागणीला मुदखेडच्या बाजारपेठेत चायनीजच्या गाडीवर कढई तापते. कोबी, गाजर, शेवयांसारख्या नूडल्स, वरून काळ्या सॉसची धार आणि शेवटी डब्यातून चिमूटभर पांढरे चकचकीत स्फटिक. खाणाऱ्यांपैकी एखादा हमखास म्हणतो, अजिनोमोटो टाकू नका बरं. गाडीवाला मान डोलावतो. चिमूट बहुधा आधीच पडलेली असते.

आता हा पदार्थ गाडीवरून घरात आला आहे. पुण्याला शिकायला गेलेली मुले सुट्टीत घरी येताना सोया सॉसची बाटली घेऊन येतात, मोबाइलवर पाहून मासा त्या सॉसमध्ये मुरवतात आणि नूडल्सवर ठेवून वाढतात. मूळ कृतीत सॅमन असतो. थंड समुद्रातला हा गुलाबी-केशरी मासा मुदखेडला कुठून मिळणार? मुंबईच्या बाजारात रावसाला इंग्रजीत इंडियन सॅमन म्हणतात खरे, पण रावस वेगळ्याच कुळातला मासा आहे. नांदेड भागात मिळतो तो रोहू किंवा कटला, आणि त्यावरही ही कृती छान जमते. ती का जमते, मुरवलेला मासा आणि नूडल्स एकत्र आले की चव एकदम का वाढते, याचे उत्तर शंभरेक वर्षांपूर्वी टोकियोतल्या एका रसायनशास्त्रज्ञाने शोधले. त्या डब्यातल्या पांढऱ्या स्फटिकांचा जनकही तोच. त्याचे नाव किकुनाए इकेदा.

इकेदांचा जन्म ८ ऑक्टोबर १८६४ रोजी क्योतो इथे झाला. घराणे सात्सुमा संस्थानच्या चाकरीतल्या सामुराईंचे. मुलगा चार वर्षांचा होतो न होतो तोच जपानमध्ये सत्तांतर झाले, सम्राट मेइजींचा काळ सुरू झाला आणि पाहता पाहता तलवारी बाळगणाऱ्या घराण्यांचे दिवस संपले. इकेदांच्या घरची ओढाताण सुरू झाली. मुलाला रसायनशास्त्राची गोडी ओसाकात लागली. पुढचे शिक्षण टोकियोत घ्यायचे होते आणि हातात पैसे नव्हते, तेव्हा त्याने स्वतःची अंथरूण-पांघरुणे विकून गाडीखर्च उभा केला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. १८८९ साली तो टोकियोच्या शाही विद्यापीठातून रसायनशास्त्राचा पदवीधर झाला, काही वर्षे शिक्षकांच्या महाविद्यालयात शिकवले आणि १८९६ मध्ये आपल्याच विद्यापीठात सहायक प्राध्यापक म्हणून परतला.

१८९९ मध्ये सरकारने त्यांना जर्मनीला पाठवले. लाइपझिग इथे विल्हेल्म ओस्टवाल्ड यांची प्रयोगशाळा होती आणि भौतिक रसायनशास्त्राची ती त्या काळातली पंढरीच. इकेदा तिथे दीडेक वर्ष राहिले. प्रयोगशाळेत शिकले ते शिकलेच, पण जेवणाच्या टेबलावर आणखी दोन गोष्टी त्यांच्या लक्षात आल्या. जर्मन माणसे जपानी माणसांपेक्षा उंच, धिप्पाड होती आणि त्यांच्या ताटात मांस, चीज, दूध भरपूर होते. आणि टोमॅटो, शतावरीसारखी ॲस्परॅगसची भाजी, चीज आणि मांस या एकमेकांशी काही संबंध नसलेल्या पदार्थांत एक समान चव होती. ती गोड नव्हती, खारट नव्हती, आंबट नव्हती, कडूही नव्हती. ती जिभेवर रेंगाळत होती, आणि घरी जपानमध्ये कोम्बूच्या पाण्यात त्यांनी ती लहानपणापासून चाखली होती.

कोम्बू म्हणजे समुद्रातले रुंद पानांचे शेवाळ. ते वाळवतात आणि पाण्यात भिजवून, किंचित गरम करून त्याचा अर्क काढतात. या अर्काला दाशी म्हणतात. आपल्याकडे फोडणीशिवाय आमटी नाही, तसे जपानमध्ये दाशीशिवाय सूप नाही आणि नूडल्सही नाहीत.

परतताना १९०१ मध्ये इकेदा काही आठवडे लंडनला थांबले. ज्या खाणावळवजा घरात ते उतरले, तिथेच एक एकाकी, खिन्न जपानी तरुण राहत होता. तो पुढे जपानचा सर्वांत मोठा कादंबरीकार झाला, नात्सुमे सोसेकी. दोघांनी रात्र रात्र तत्त्वज्ञान, शिक्षण, वाङ्मय यांवर गप्पा मारल्या. हा रसायनशास्त्रज्ञ पाहून सोसेकी इतके प्रभावित झाले की साहित्याचाही विज्ञानाच्या शिस्तीने अभ्यास करायचे त्यांनी ठरवले. चवीच्या गोष्टीशी याचा थेट संबंध नाही. पण इकेदा एका नळीत डोळा घालून बसणारे संशोधक नव्हते, एवढे यातून कळते.

टोकियोला परतल्यावर ते प्राध्यापक झाले. काही वर्षे शिकवण्यात गेली. याच सुमाराला त्यांच्या वाचनात हिइझु मियाके या वैद्यकातल्या ज्येष्ठ विद्वानाचे एक प्रतिपादन आले. अन्न चविष्ट असेल तर ते चांगले पचते, असे त्याचे सार. आज ही गोष्ट आपल्याला साधी वाटते. घास जिभेवर पडताच, किंबहुना त्याचा वास येताच लाळ सुटते आणि जठरात पाचक रस पाझरू लागतात, हे पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून त्याच काळात दाखवले होते. इकेदांना यात देशाचा प्रश्न दिसला. जपानी शेतकरी-कामकऱ्याच्या ताटात भात, थोड्या भाज्या, सोयाबीनचे पदार्थ. मांस परवडत नाही. निदान या साध्या अन्नाला स्वस्तात चव आणता आली, तर गरिबाच्या पोटात दोन घास जास्त जातील.

१९०७ मध्ये त्यांच्या पत्नीने बाजारातून चांगल्या कोम्बूची जुडी आणली. इकेदांनी ती प्रयोगशाळेत नेली. पुढचे काम कंटाळवाणे होते आणि जवळजवळ वर्षभर चालले. अर्क काढायचा, आटवायचा, त्यातले एकेक द्रव्य वेगळे करायचे. आधी मीठ निघाले. मग मॅनिटॉल नावाची साखरेसारखी पूड निघाली, कोम्बूच्या पानावर पांढरी भुकटी दिसते ती हीच. ती काढूनही उरलेल्या पाण्यात ती चव होतीच. शेवटी शिसाच्या क्षाराच्या मदतीने एक आम्ल वेगळे झाले. बारा किलो वाळलेल्या कोम्बूतून हाती आले तीस ग्रॅम. म्हणजे पोतेभर शेवाळ आणि मूठभर स्फटिक.

हे आम्ल नवीन नव्हते. १८६६ मध्ये कार्ल रिटहाउझेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने गव्हातल्या ग्लुटेनपासून ते मिळवले होते आणि त्यावरूनच त्याचे नाव ग्लुटामिक आम्ल पडले होते. पण याला स्वतःची अशी चव आहे आणि ती निराळी, मूलभूत चव आहे, हे ओळखणारे इकेदा पहिले. १९०८ मध्ये त्यांनी तिला नाव दिले उमामी. उमाइ म्हणजे चविष्ट, मि म्हणजे चव. मराठीत याला नेमका शब्द नाही. आमटी अंगाला लागली, रस्सा जमून आला, असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा याच चवीबद्दल बोलत असतो.

आपल्याकडे पूर्वापार सहा रस सांगितले आहेत: मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय. त्यांतला कटू म्हणजे तिखट. तो चवीच्या पेशींचा विषय नाही. मिरचीची आग वेदना आणि उष्णता वाहणाऱ्या मज्जातंतूंवरून मेंदूत जाते. कषाय म्हणजे तुरट, तोही बराचसा स्पर्शाचाच प्रकार. त्या काळचे युरोपीय शास्त्र गोड, आंबट, खारट, कडू अशा चारच चवी मानत होते. इकेदांची पाचवी चव युरोपने जवळपास नव्वद वर्षे मान्य केली नाही. २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत जिभेवरच्या पेशींमध्ये ग्लुटामेट ओळखणारे ग्राही रेणू सापडले, तेव्हा वाद मिटला. इकेदांना जाऊन तेव्हा सहा दशके उलटली होती.

आम्ल तसेच खाल्ले तर आंबटच लागते. म्हणून इकेदांनी त्याचा सोडियमचा क्षार तयार केला, मोनोसोडियम ग्लुटामेट. तो पाण्यात सहज विरघळतो, दमट हवेत चिकट होत नाही आणि तीन हजार भाग पाण्यात एक भाग असला तरी जिभेला कळतो. मीठ कळायला चारशे भागांत एक भाग लागते. जुलै १९०८ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. आयोडीन बनवणारे उद्योजक साबुरोसुके सुझुकी भागीदार झाले आणि १९०९ मध्ये हा पदार्थ अजिनोमोटो या नावाने बाजारात आला. अजिनोमोटो म्हणजे चवीचे मूळ. आपल्याकडे हे पदार्थाचे नाव झाले, पण ते आहे कंपनीचे, जसे वनस्पती तुपाला सगळे डालडा म्हणत.

धंदा सुरुवातीला कठीण गेला. गव्हाचे ग्लुटेन तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात तासन् तास उकळावे लागे. ते आम्ल धातूची भांडी खाऊन टाकी, म्हणून मातीच्या मोठ्या रांजणांत काम चाले. वाफांनी शेजारी हैराण झाले आणि १९१४ मध्ये कारखाना कावासाकीला हलवावा लागला. त्यातच अफवा उठली की ही पूड सापांपासून करतात! कंपनीला वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन सांगावे लागले की ती गव्हापासून होते. आज मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांची ही आजी म्हणायची.

आता ही पूड गव्हापासूनही होत नाही. १९५६ मध्ये जपानी संशोधकांना मातीत राहणारा एक जीवाणू सापडला, जो साखर खाऊन ग्लुटामिक आम्ल बाहेर टाकतो. तेव्हापासून साखर कारखान्यातली मळी किंवा कंदांचा-मक्याचा स्टार्च आंबवून ती करतात. दह्याच्या विरजणाचीच रीत, जीवाणू तेवढा दुसरा.

इकेदांनी अर्धे कोडे सोडवले होते. उरलेले त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी सोडवले. वाळवलेल्या बोनिटो माशात चव देणारे दुसरे द्रव्य आहे, इनोसिनिक आम्लाचा क्षार, हे त्यांनी १९१३ मध्ये दाखवले. पुढे लक्षात आले की ग्लुटामेट आणि हे माशातले द्रव्य एकत्र आले की चव दोनाची चार होत नाही, कितीतरी पट होते. जपानी दाशीत शेवाळ आणि सुका मासा एकत्र घालतात ते यामुळेच. आणि सोया सॉसमध्ये मुरवलेला मासा नूडल्सवर इतका का लागतो, याचेही कारण हेच. सोया सॉस म्हणजे सोयाबीन आणि भाजलेला गहू यांवर बुरशी वाढवून, मिठाच्या पाण्यात महिनोन् महिने आंबवलेला रस. सोयाबीनच्या प्रथिनात ग्लुटामिक आम्ल भरपूर असते, पण ते साखळीत जखडलेले असते तोवर जिभेला कळत नाही. बुरशी साखळी तोडते आणि चव मोकळी होते. लातूरचा आडत बाजार सोयाबीनने भरतो; तेल आणि पेंड होऊन ते बाहेर जाते. त्याच दाण्याचा हा काळा रस मात्र आपल्याकडे बाटलीतून परका होऊन येतो.

घरी करायचे तर रोहूच्या शक्यतो पोटाकडच्या तुकड्या घ्याव्यात, काटे सांभाळावेत. चार माणसांना एक मोठा चमचा सोया सॉस, आले-लसूण, थोडे तेल, चिमूटभर गूळ एवढे पुरते. वेगळे मीठ घालू नये. वीस मिनिटे ते अर्धा तास मुरवणे पुष्कळ झाले आणि तेही फ्रिजमध्ये. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलेला मासा अर्ध्या तासात जीवाणूंची जत्रा होतो. लिंबू आधीच पिळून ठेवले तर आम्लाने माशाचे प्रथिन साकळते, मांस शिजल्यासारखे पांढरे दिसते, पण जंतू मरत नाहीत. लिंबू शेवटी पिळावे. मासा आतपर्यंत अपारदर्शक होऊन पापुद्रे सुटेपर्यंत शिजवावा. कच्चा मासा ज्यात मुरला तो रस तसाच नूडल्सवर ओतू नये, उकळून घ्यावा. ही चूक सर्रास होते. सॅमनमध्ये हृदयाला उपयुक्त ओमेगा-३ मेदाम्ले पुष्कळ असतात, रोहूत ती कमी असतात. तरी प्रथिन उत्तम मिळते आणि मासा ताजा मिळतो, हेही थोडे नाही.

इकेदांच्या पुडीची खरी बदनामी त्यांच्या मृत्यूनंतर झाली. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचे पत्र छापून आले. चिनी उपाहारगृहात जेवल्यावर मानेला बधिरपणा आणि धडधड जाणवते, असे त्यांनी लिहिले होते आणि सोया सॉस, स्वयंपाकातली दारू, जास्त मीठ, ग्लुटामेट अशी अनेक संभाव्य कारणे सुचवली होती. लोकांनी त्यातले एकच उचलले. पुढच्या वर्षी नवजात उंदरांना ग्लुटामेटची मोठी मात्रा टोचल्यावर मेंदूला इजा झाल्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले आणि भीती पक्की झाली. पण टोचणे वेगळे, खाणे वेगळे. खाल्लेले बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशी स्वतःच इंधन म्हणून जाळतात. आईच्या दुधात मोकळे ग्लुटामेट गाईच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त असते आणि बाळ ते पहिल्या दिवसापासून पिते. आपल्याला त्रास होतो अशी खात्री असलेल्या १३० जणांना २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात काहीवेळा ग्लुटामेट, काहीवेळा नकली पूड दिली. उपाशीपोटी पाच ग्रॅम एवढ्या मोठ्या मात्रेवर काहींना लक्षणे आली, पण त्याच माणसांना पुन्हा तपासले तेव्हा ती सातत्याने येईनात. कुणाला जाणवतच असेल तर त्याने टाळावे, तक्रार नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये रोजची सुरक्षित मर्यादा वजनाच्या दर किलोला ३० मिलिग्रॅम ठरवली आहे. साठ किलोच्या माणसाला ती जेमतेम दोन ग्रॅम होते. गाडीवरच्या डब्यातून हात सैल सुटला तर एवढे एका ताटात जाऊ शकते.

आपल्याकडे २०१५ मध्ये मॅगीच्या निमित्ताने हेच वादळ उठले. जूनमध्ये बंदी आली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द करून फेरतपासणी सांगितली, नोव्हेंबरात पाकिटे परत दुकानात आली. त्या गदारोळात शिसे आणि ग्लुटामेट हे दोन अगदी वेगळे प्रश्न लोकांच्या डोक्यात एक झाले. आणि तिसरा प्रश्न, जो रोजच्या बाह्यरुग्ण विभागात समोर बसतो, तो राहूनच गेला. तो मिठाचा.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे सोडियम दोन ग्रॅम. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते. झटपट नूडल्सच्या अनेक पाकिटांत दिवसाच्या मर्यादेचा एक तृतीयांश ते निम्मा वाटा. त्यावर सकाळचे लोणचे, ठेचा, पापड आहेतच. ज्याचा रक्तदाब १६० आहे तो माणूस अजिनोमोटो नको म्हणतो आणि सॉसची बाटली मात्र स्वतः उपडी करतो. मिठात सोडियम ३९ टक्के, ग्लुटामेटमध्ये १२ टक्के. मीठ कमी करून चिमूटभर ग्लुटामेट घातले तर एकूण सोडियम घटते आणि चव टिकते. ज्या पुडीला भितो तीच मापात वापरली तर मीठ सोडवायला मदत करते. अर्थात आपल्या पिकलेल्या टोमॅटोत आणि अळिंबीत मोकळे ग्लुटामेट असतेच, आठवडी बाजारातल्या सुक्या मासळीतही उमामी असते. मात्र ती मासळी मिठात वाळवलेली असेल तर आधी पाण्यातून काढावी.

चवीने गरिबाचे पोषण सुधारेल, हे इकेदांचे स्वप्न अर्धे खरे झाले. स्वस्त अन्न रुचकर झाले. पण आज त्या रुचीच्या जोरावर मैदा, तळणीचे तेल आणि मीठ खपते, हा हिशेब त्यांच्यासमोर नव्हता. त्यांच्यासमोर मांस न परवडणारा शेतकरी होता, पोट सुटलेला मधुमेही नव्हता.

पेटंटच्या उत्पन्नातून इकेदांना पैसा मिळाला, पण ते कारखानदार झाले नाहीत. १९१७ मध्ये जपानची भौतिक आणि रासायनिक संशोधन संस्था स्थापन झाली, तिच्या उभारणीत ते होते. १९२३ मध्ये विद्यापीठातून निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी, वयाच्या साठीला, पुन्हा जर्मनीला गेले. तिथे सातेक वर्षे राहून त्यांनी घरातल्या प्रयोगशाळेत काम केले. १९३१ मध्ये परतले आणि ३ मे १९३६ रोजी टोकियोत वारले. १९८५ मध्ये जपानच्या पेटंट कार्यालयाने देशातल्या दहा थोर शोधकांची यादी केली, त्यात त्यांचे नाव घेतले.

कोम्बूतून पहिल्यांदा काढलेले ते ग्लुटामिक आम्ल टोकियो विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात अजून जपून ठेवले आहे. काचेची छोटी तपकिरी बाटली आहे.